विमानतळावरची पागडी

शिकागोच्या ओहेअर विमानतळावरच्या दोन गेट्सचा सौदा २०२५ च्या अखेरीस तीन कोटी डॉलरला ठरला. देणारी होती दिवाळखोरीच्या कोर्टात उभी असलेली स्पिरिट ही स्वस्त तिकिटांची कंपनी आणि घेणारी होती अमेरिकन एअरलाइन्स. या सौद्यात विकण्यासारखे नेमके होते काय? गेट म्हणजे खुर्च्या मांडलेली एक मोठी खोली, तिच्या टोकाला बोर्डिंग पास तपासण्याचे टेबल, विमानाच्या दाराला जाऊन चिकटणारा एरोब्रिज आणि खाली सिमेंटवर रंगवलेली पिवळी रेघ. त्या रेघेवर पुढचे चाक आणून वैमानिक विमान उभे करतो. खोली शहराची, सिमेंट शहराचे, खालची जमीनही शहराचीच. स्पिरिटकडे होता तो फक्त तिथे विमान लावण्याचा हक्क. मुंबईकराला हे कोडे पडायचे कारण नाही. जुन्या चाळीतली खोली किंवा बाजारातला गाळा ‘विकला’ जातो तेव्हा मालक कागदावर तोच राहतो, हात बदलतो तो भाडेकरूपणा, आणि मालकाच्या मालकीपेक्षा त्या भाडेकरूपणालाच जास्त भाव येतो. आपण त्याला पागडी म्हणतो. अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास बराचसा पागडीचा इतिहास आहे. विमान कंपन्यांची स्पर्धा आकाशात होते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचा निकाल जमिनीवरच्या भाडेकरारांत आधीच लागलेला असतो, आणि ते करार कसे झाले याचे उत्तर एकाच प्रश्नात सापडते: विमानतळ बांधायला पैसा कोणी उभा केला?

ओहेअरचीच गोष्ट घेऊ. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या वायव्येला ऑर्चर्ड प्लेस नावाच्या वस्तीजवळ डग्लस कंपनीचा मालवाहू विमानांचा कारखाना होता. प्रवाशांच्या सामानाच्या चिठ्ठीवर आजही ‘ओआरडी’ ही तीन अक्षरे छापली जातात, ती त्या ऑर्चर्डची. १९४९ मध्ये या जागेला एडवर्ड ओहेअर या युद्धात मरण पावलेल्या नौदलाच्या वैमानिकाचे नाव दिले गेले आणि १९५५ मध्ये प्रवासी विमाने उतरू लागली. जेट विमानांचे युग तोंडावर आले होते. त्यांना लांब धावपट्ट्या आणि मोठ्या इमारती हव्या होत्या. करदात्यांच्या खिशाला हात लावायची शहराची तयारी नव्हती. महापौर रिचर्ड डेली यांनी काढलेला मार्ग असा: शहराने रोखे काढायचे, आणि ते फेडण्याची हमी विमान कंपन्यांनी दीर्घ मुदतीच्या करारांतून द्यायची. वर्षाअखेर हिशेबात जितकी तूट येईल तितकी लँडिंग शुल्कातून भरून काढायची. या हमीच्या बदल्यात कंपन्यांनी दोन गोष्टी मागितल्या. आपापल्या गेट्सचा एकहाती वापर, म्हणजे गेट रिकामे पडले तरी दुसऱ्याला तिथे पाय ठेवता येणार नाही. आणि मोठ्या बांधकामांवर नकाराधिकार, म्हणजे खर्चाचा बहुतांश वाटा उचलणाऱ्या कंपन्या ‘नको’ म्हणाल्या की शहराने थांबायचे. मार्च १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते नव्या ओहेअरचे लोकार्पण झाले. तोवर या व्यवस्थेचा पाया घालून झाला होता, आणि देशातल्या अनेक शहरांनी तोच कित्ता गिरवला.

त्या काळात यात कोणालाही काही खटकले नाही, आणि त्याला कारण होते. कोणती कंपनी कोणत्या मार्गावर उडेल आणि तिकीट किती आकारेल हे तेव्हा वॉशिंग्टनमधले नागरी विमान मंडळ ठरवत असे. नवी कंपनी मोठ्या मार्गांवर येऊच शकत नसे. मग तिला गेट मिळत नाही अशी तक्रार करणार कोण? दरवाजाला सरकारी कुलूप असताना आतल्या कडीची पर्वा कोण करतो! २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी विमानसेवा मुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि कुलूप निघाले. मंडळाचे अध्यक्षपद भूषवलेले अल्फ्रेड काहन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी या बदलासाठी जिवाचे रान केले होते. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, विमान हे चाकांवरचे भांडवल आहे; एका मार्गावर नफा दिसला की कोणीही विमान तिकडे वळवील आणि दर आपोआप खाली येतील. युक्तिवाद बिनचूक होता, फक्त एक गोष्ट त्यात धरलेली नव्हती. विमान वळवता येते, ते उभे करायची जागा वळवता येत नाही. कायद्याने आकाश मोकळे केले, आणि जमीन मात्र पुढची कित्येक वर्षे जुन्या भाडेकरूंच्या करारात राहिली.

त्यातून मुक्तीनंतर कंपन्यांनी जो धंदा मांडला त्याने गेटचा भाव आणखी वाढवला. तो धंदा म्हणजे हब. चारी दिशांची विमाने तास-दीड तासाच्या एका लाटेत एका शहरात उतरवायची, प्रवाशांची अदलाबदल होऊ द्यायची आणि पुढच्या तासात सगळी पुन्हा उडवायची. मेल्यावर स्वर्गात जा की नरकात, विमान अटलांटालाच बदलावे लागते, हा अमेरिकन दक्षिणेतला जुना विनोद याच पद्धतीवरचा आहे. आता गणित पाहू. एका लाटेत १० शहरांहून १० विमाने आली तर त्या शहरांच्या ४५ जोड्या एकमेकींना जोडल्या जातात. ४० विमाने आली तर जोड्या होतात ७८०. विमाने चौपट, जोड्या सतरापटीहून जास्त. पण ही सगळी विमाने एकाच वेळी जमिनीवर हवीत, म्हणजे प्रत्येकाला त्या क्षणी स्वतःचे गेट हवे. चाळीस गेट्स असलेल्या कंपनीला एक्केचाळिसावे गेट मिळाले तर तिच्या जाळ्यात एकदम ४० नव्या जोड्यांची भर पडते. नवख्या कंपनीला पहिले गेट मिळाले तर तिला एका शहराची ये-जा मिळते. एकाच गेटची किंमत दोघांसाठी इतकी वेगळी असेल, तर बोली लावताना कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वर, आपल्याला नको असलेले गेटही प्रतिस्पर्ध्याला मिळू नये म्हणून धरून ठेवणे मोठ्याला परवडते.

ओहेअरवर नेमके हेच घडले. अमेरिकन एअरलाइन्सने १९८२ मध्ये तिथे हब मांडले. युनायटेड तर शिकागोच्या घरचीच. १९८३ मध्ये शहराने कंपन्यांशी नवा करार केला, त्याची मुदत २०१८ पर्यंत, म्हणजे ३५ वर्षे. त्याच करारकाळात, १९८७ मध्ये, युनायटेडसाठी हेल्मुट यान यांनी रचलेले काचेचे टर्मिनल उभे राहिले. दोन लांब इमारती, आणि त्यांना जोडणारा, रंगीत निऑन दिव्यांनी उजळलेला भुयारी रस्ता. इमारत देखणीच आहे. पण जाळे विणणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर तिचे सौंदर्य वेगळे दिसते: एका कंपनीची गेट्स सलग, एका छपराखाली. बाहेरच्या कंपनीला अशा ठिकाणी यायचे तर जुन्या भाडेकरूकडूनच पोटभाड्याने गेट घ्यावे लागे. ज्याच्याशी स्पर्धा करायची, त्याच्याच दाराशी जागा मागायची. तो म्हणेल ती वेळ, तो म्हणेल ते भाडे, आणि बरेचदा सामान चढवायला माणसेही त्याचीच. दुपारी दोनचे गेट मिळाले तर सकाळी सातच्या विमानाने कामाला जाणारा प्रवासी हातचा गेला, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९९० मध्ये या प्रथांची छाननी केली आणि एकहाती भाडेकरार नव्यांची वाट अडवतात असा निष्कर्ष काढला. नवख्याला खरी संधी मिळे ती कोणी बुडाल्यावर. शिकागोच्याच दुसऱ्या, जुन्या विमानतळावर नोव्हेंबर १९९१ मध्ये मिडवे एअरलाइन्स बंद पडली, तेव्हा साउथवेस्टने शहराची संमती मिळवून तिच्या गेट्सवर झटपट आपल्या पाट्या लावल्या. आज तो विमानतळ साउथवेस्टचा बालेकिल्ला आहे.

पण ही टंचाई केवळ जुन्या करारांची देणगी आहे, असेही नाही. ती हाताने घडवताही येते. त्याचा सर्वांत उघड पुरावा डॅलसमध्ये आहे. १९६८ मध्ये डॅलस आणि फोर्ट वर्थ या शहरांनी मिळून नवा मोठा विमानतळ बांधायचे ठरवले आणि रोखेधारकांना शब्द दिला की सगळ्या कंपन्या डॅलसचा जुना लव्ह फील्ड विमानतळ सोडून तिकडे जातील. १९७१ मध्ये उडू लागलेल्या साउथवेस्टने त्या शब्दावर सही केलेली नव्हती. ती जुन्याच जागी राहिली आणि कोर्टातही टिकली. मग फोर्ट वर्थचे खासदार जिम राइट यांनी १९७९ मध्ये कायद्यात दुरुस्ती आणली: लव्ह फील्डहून मोठी विमाने टेक्सास आणि त्याला लागून असलेल्या चार राज्यांपलीकडे जाणार नाहीत. पळवाट होती ५६ आसनांपर्यंतच्या विमानांची. लेजंड नावाच्या कंपनीने २००० मध्ये मोठ्या विमानांतल्या खुर्च्या काढून बरोबर ५६ ठेवल्या, विमानतळाच्या दुसऱ्या कडेला सहा गेट्सची स्वतःची टुमदार इमारत वापरात आणली आणि वर्ष संपायच्या आत कंपनी बंदही पडली. २००६ मध्ये दोन शहरे, मोठा विमानतळ, अमेरिकन आणि साउथवेस्ट अशा पाच पक्षांत तह झाला आणि त्याला संसदेने कायद्याचे रूप दिले. अंतराची बंदी ऑक्टोबर २०१४ मध्ये उठणार होती, ही बातमी सगळ्यांनी वाचली. तहातली दुसरी अट कमी लोकांनी वाचली: आराखड्यात ३२ गेट्सना वाव असलेल्या लव्ह फील्डवर यापुढे फक्त २० असतील, आणि लेजंडची ती इमारत पाडली जाईल. ती पाडली गेली. वीसपैकी १६ गेट्स साउथवेस्टला मिळाली. मार्ग खुले करणाऱ्या त्याच कागदाने गेट्स मोजून बांधून टाकली.

याचा परिणाम भावात पाहता येतो. २०१५ मध्ये युनायटेडने लव्ह फील्डवरची आपली दोन गेट्स साउथवेस्टला पोटभाड्याने दिली, त्याचे मोल बारा कोटी डॉलर. ओहेअरची दोन गेट्स दहा वर्षांनंतर तीन कोटींना गेली. स्पिरिट अडचणीत होती, तिला घासाघीस करता आली नाही, हे धरूनही चौपट फरकाचा खुलासा होत नाही, कारण ओहेअर लव्ह फील्डपेक्षा कितीतरी मोठे आहे. खुलासा त्या विसाच्या आकड्यात आहे. आणि साउथवेस्टने ही दोन गेट्स घेतल्यावर तिथे दिवसाला पाच उड्डाणे करणाऱ्या डेल्टाला जागा उरली नाही. जानेवारी २०१६ मध्ये कोर्टाच्या मनाई हुकुमाने ती पाच उड्डाणे वाचली. देशातल्या बलाढ्य कंपन्यांपैकी एक असलेल्या डेल्टाला पाच उड्डाणांसाठी न्यायाधीशाचे दार ठोठावावे लागते, तिथे नवख्याचे काय?

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ज्यांनी जोखीम घेतली त्यांनी फळ का चाखू नये? कंपन्यांनी हमी दिली नसती तर ओहेअर उभेच राहिले नसते. आक्षेप वजनदार आहे, आणि १९६० च्या दशकापुरता तो मला मान्यही आहे. पण जोखमीचा हिशेब पुरता मांडायला हवा. जमीन सार्वजनिक, धावपट्ट्यांना केंद्र सरकारचे अनुदान, रोख्यांच्या व्याजावर करमाफी, म्हणजे कर्ज स्वस्त होण्याचा भार साऱ्या देशावर. कंपन्यांनी भरलेले शुल्क शेवटी तिकिटात उतरते. हमीची मुदत संपल्यावर फळही संपायला हवे होते. पण एकदा बसलेला भाडेकरू पुढच्या करारालाही मेजाच्या त्याच बाजूला बसलेला असतो. नकाराधिकाराचा वापर तर जोखमीपासून स्वतःला वाचवण्यापुरता राहिला नाही. जानेवारी २०११ मध्ये युनायटेड आणि अमेरिकन या एरवीच्या हाडवैरी कंपन्या एकत्र येऊन शिकागो शहराविरुद्ध कोर्टात गेल्या: विस्तारासाठी नवे रोखे आमच्या संमतीशिवाय काढू नका! मार्चमध्ये तडजोड झाली. मागणी घटल्याचे त्यांचे कारण खोटे नव्हते. तरीही विमानतळ वाढवायचा की नाही हे तिथे आधीच बसलेल्या दोघांना विचारायचे, यातला विसंगतपणा लपत नाही.

पैशाचा स्रोत बदलला की गेटचा धनी बदलतो, हे पुढच्या इतिहासाने उलट्या बाजूनेही सिद्ध केले. १९९० मध्ये संसदेने विमानतळांना प्रत्येक प्रवाशामागे तीन डॉलरपर्यंत शुल्क थेट घेण्याची परवानगी दिली. २००० मध्ये मर्यादा साडेचार डॉलर झाली. या पैशातून बांधलेली गेट्स दीर्घ मुदतीच्या एकहाती कराराने देता येत नाहीत, अशी अट कायद्यातच आहे. विमानतळाला प्रथमच असा पैसा मिळाला ज्यासाठी भाडेकरूची मनधरणी करावी लागत नव्हती. २००० च्याच कायद्याने, ज्या मोठ्या विमानतळांवर एक-दोन कंपन्यांकडे निम्म्याहून जास्त प्रवासी आहेत, त्यांना नव्यांना जागा कशी देणार याची योजना लेखी मागितली. हळूहळू ‘एकहाती’ हक्काच्या जागी ‘प्रथम हक्क’ आला: गेट तुमचे, पण तुमचे विमान नसेल त्या वेळी दुसऱ्याला लावू द्यायचे. यंत्रांनीही मदत केली. १९८४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर लॉस एंजेलिसला सामायिक संगणक-यंत्रणा आली, आणि टेबल तेच ठेवून सकाळी एका कंपनीने आणि दुपारी दुसरीने प्रवासी चढवणे सोपे झाले. २०१३ मध्ये अमेरिकन आणि यूएस एअरवेजच्या विलीनीकरणाला न्याय खात्याने संमती दिली ती काही हक्क सोडण्याच्या अटीवर, आणि त्या यादीत बॉस्टन, ओहेअर, लव्ह फील्ड, लॉस एंजेलिस आणि मायामी इथली प्रत्येकी दोन गेट्स होती. स्पर्धा कुठे अडते हे सरकारी वकिलांना नेमके ठाऊक होते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हबला सलग गेट्स लागतात. ती मोडून वाटली तर प्रवाशाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावावे लागेल आणि लहान गावांच्या फेऱ्या बंद पडतील, कारण त्या अदलाबदलीच्या प्रवाशांवरच तगतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच सगळी गेट्स रोज चिठ्ठ्या टाकून वाटावीत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न हबच्या गाभ्याचा नाही, कडेच्या गेट्सचा आहे. तिथे ‘जो वापरील त्याचे’ हा नियम न्याय्य वाटतो. ओहेअरने २०१८ च्या नव्या, पंधरा वर्षांच्या करारात तो आणला: वापर मोजायचा आणि त्यानुसार फेरवाटप करायचे. करारावर सह्या व्हायच्या वेळीच युनायटेडला पाच गेट्स जास्त मिळाल्याचे कळून अमेरिकनने आदळआपट केली आणि शहराने आणखी तीन गेट्स लवकर बांधायचे कबूल केल्यावर ती शांत झाली. २०२५ मध्ये पहिल्या फेरवाटपात युनायटेडच्या वाट्याला पाच गेट्स वाढली, अमेरिकनची चार कमी झाली, आणि अमेरिकन पुन्हा कोर्टात. या नियमाची खोच इथे दिसते. वापरावर गेट मिळत असेल तर गेटसाठी वापर वाढवला जातो. प्रवासी असोत नसोत, विमाने उडवत राहणाऱ्याला बक्षीस. शिवाय जास्त विमाने उडवण्याची ऐपत मोठ्याचीच असते. म्हणून वापराच्या मोजमापाबरोबर काही गेट्स कायमची शहराच्या हातात, सामायिक राखणे हाच त्यावरचा लगाम आहे.

आपल्याकडे हे दुखणे दुसऱ्या अंगाने येते. भारतात गेट्स कंपन्यांना दशकांच्या कराराने दिली जात नाहीत; विमानतळ चालवणारा दररोज वाटप करतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे टंचाई उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळेची, म्हणजे स्लॉटची. जेट एअरवेजने २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रोवरच्या आपल्या स्लॉटच्या तीन जोड्या एतिहादला सात कोटी डॉलरला दिल्या. तिथे ही पागडी राजमान्य आहे. तीच जेट १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली तेव्हा तिचे मुंबईतले स्लॉट सरकारने इतर कंपन्यांना तात्पुरते वाटून टाकले, आणि पुढे जुन्या स्लॉटवर वारसा सांगता येणार नाही अशी भूमिका घेतली. बुडणाऱ्या कंपनीच्या देणेकऱ्यांना आणि पगार थकलेल्या कामगारांना त्यातून काही मिळाले नाही, ही या भूमिकेची किंमत, आणि ती लहान नव्हती. तरीही तत्त्व म्हणून मला ती योग्य वाटते. महाराष्ट्राने १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात घरांच्या पागडीची देवाणघेवाण कायदेशीर केली, कारण तोवर त्या खोल्यांत पिढ्या नांदल्या होत्या. एकदा भाडेकरूपणाला बाजारभाव आला की तो काढून घेणे कोणत्याही सरकारला जमत नाही. ओहेअरला ते सत्तर वर्षांत जमलेले नाही.

आता देशात नवे विमानतळ बांधले जात आहेत, जुने खाजगी चालकांकडे जात आहेत, आणि बहुतेक देशांतर्गत प्रवासी दोनच कंपन्यांच्या विमानांत बसतात. विस्ताराला पैसा हवा असेल तेव्हा या दोन्हींपैकी कोणी ना कोणी टर्मिनलचा खर्च उचलायला तयार होईल आणि बदल्यात सलग जागा मागेल. मागणी वाजवी वाटेल, घाईही असेल. त्या वेळी करारात मुदत किती आणि किल्ली कोणाकडे, एवढे दोनच मुद्दे आधी वाचावेत. शिकागोने ते पैसे मोजून झाल्यावर वाचले.